'नको नको, जमेल माझं' म्हणणाऱ्या समस्त मंडळींना खुलं पत्र

नको-नको मंडळी, नमस्कार.

तुमची संघटना नाही, ऑफिस नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे पत्र पाठवायचं कुठे हाच प्रश्न होता, म्हणून मग सगळ्यांसमोरच लिहितोय. तुम्हाला ओळखणं मात्र अजिबात अवघड नाही. जिन्यावर स्वतःच्या वजनाएवढी बॅग एकेक पायरी आपटत नेणारे तुम्हीच, फोन बंद पडला तरी शेजारच्याकडे चार्जर न मागता काळ्या स्क्रीनकडे बघत बसणारे तुम्हीच, आणि त्याच त्या चौकाला तिसरी प्रदक्षिणा घालतील पण कोपऱ्यावरच्या माणसाला पत्ता विचारणार नाहीत ते पण तुम्हीच. वरच्या रॅकवरची पिशवी काढायला आधी टाचा उंच करायच्या, मग सीटच्या कडेवर एक पाय ठेवायचा, मग बोटाच्या टोकाने पिशवीचा बंद ओढायचा आणि शेवटी ती अख्खी पिशवी खाली झोपलेल्या माणसावर पाडायची, हे सगळं शेजारी चांगला उंच माणूस मोकळ्या हाताने उभा असताना. तो उंच माणूस बऱ्याचदा मी असतो, म्हणून जरा तळमळीने बोलतोय.

तक्रार साधी आहे. जगात मदत करणाऱ्यांचा तुटवडा आहे असं तुम्ही धरून चालता, आणि तो तुटवडा खरं तर तुमच्यामुळे दिसतो. करणारे चिक्कार आहेत हो, मागणारे मिळत नाहीत.

आता हे बघा. एका स्टेशनच्या जिन्यावर एक ताई मोठी सुटकेस चढवत होत्या, चाकांची, चांगली गच्च भरलेली. प्रत्येक पायरीला चाकं कडेला अडकायची, मग त्या दोन्ही हातांनी हँडल धरून मागे झुकायच्या, हिसका द्यायच्या, सुटकेस एक पायरी वर यायची आणि अर्धी परत घसरायची. मी विचारलं, "ताई, धरू का?" उत्तर ठरलेलं, "नको नको, हलकी आहे." हलकी! हँडल वाकलं होतं आणि ताईंच्या कपाळावरून घाम गळत होता. मागे सगळी गर्दी त्यांच्या वेगाने एकेक पायरी चढत होती आणि कोणी काही बोलत नव्हतं, कारण 'नको' म्हटल्यावर अजून काय बोलणार. तेवढ्यात मागून एक कॉलेजवयाची मुलगी आली आणि तिने वेगळंच विचारलं, "मी खालची बाजू घेऊ की वरची?" ताई पटकन म्हणाल्या, "खालची." झालं. दहा-पंधरा सेकंदांत सुटकेस वर. जिन्यावर सामान दोघांनी उचललं की जास्त भार खालच्याकडे येतो, त्यामुळे ताईंनी हिशोब बरोबर केला होता म्हणायचा :) वर पोचल्यावर त्या मुलीने हँडल हातात दिलं आणि गेली पण, नाव नाही गाव नाही.

मला त्यातलं जे आवडलं ते हे की 'हवी का' हा प्रश्नच तिने ठेवला नाही. 'हवी का' विचारलं की तुमच्या तोंडातून 'नको' आपोआप येतं, विचार करायच्या आधी, शिंक आल्यासारखं.

बरं मग तुम्ही 'नको' का म्हणता? तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी बोललोय (प्रवासात वेळच वेळ असतो) आणि कारणं फिरून फिरून तीच. समोरच्याला कशाला त्रास. तो नाही म्हणाला तर आपली शोभा. आणि उपकार झाले तर फेडायचे कधी. ही तिन्ही कारणं ऐकायला एकदम शहाणपणाची वाटतात, त्यातलं पहिलं तर इतकं सज्जन आहे की त्याला विरोध करणाराच वाईट दिसतो, पण तपासून बघितली की पार ढेपाळतात.

आधी 'नाही म्हणाला तर' हे घेऊ. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या दोन संशोधकांनी 2008 मध्ये एक पेपर छापला, त्यात लोकांना चक्क रस्त्यावर अनोळखी माणसांकडे मदत मागायला पाठवलं होतं. जायच्या आधी प्रत्येकाला विचारलं, एवढी मदत मिळायला तुला साधारण किती जणांना विचारावं लागेल? पाच जणांकडून फॉर्म भरून घ्यायचा होता, लोक म्हणाले वीसेक जणांना तरी विचारावं लागेल, प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. फोन वापरायला मागायचा होता तिथेही अंदाज दहाचा आणि काम झालं सहा जणांत. सगळ्यात भारी म्हणजे कॅम्पसमधल्या जिमपर्यंत मला चालत सोडायला येता का, असं विचारायचं होतं. म्हणजे नुसतं बोट दाखवायचं नाही, सोबत चालत यायचं. लोकांना वाटलं सातेक जणांना तरी विचारावं लागेल तेव्हा एखादा येईल. साधारण प्रत्येक दुसरा-तिसरा माणूस आला! आणि ऐकायला मजा वाटेल, प्रयोगात भाग घ्यायला आलेले काही जण 'मागायला जायचंय' हे कळल्यावरच काढता पाय घेतात, असं ही मंडळी सांगतात. ते तुमचेच सभासद असणार.

यामागचं गणित असं आहे की मागणारा स्वतःच्या डोक्यात समोरच्याच्या कटकटीचा हिशोब करत असतो, किती वेळ जाईल, बॅग किती जड आहे, त्याला उशीर होत असेल का वगैरे. समोरचा माणूस मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला असतो, तोंडावर नाही कसं म्हणायचं यात. माणसाला समोरासमोर नाही म्हणणं फार जड जातं. तुम्ही त्याचा त्रास मोजताय आणि तो आपली नाचक्की मोजतोय, दोघांची वही वेगळी.

आता कोणी म्हणेल हे तर अजूनच वाईट, म्हणजे तो बिचारा लाजेकाजेस्तव करतो, मनातून शिव्या देत असणार. तसंही नाही. झुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांनी 2022 मध्ये हेच तपासलं. त्यात एका प्रयोगात बागेत आलेल्या लोकांना, जरा माझा फोटो काढता का, असं अनोळखी माणसाला विचारायला लावलं आणि नंतर दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारलं की कसं वाटलं. मागणाऱ्यांना वाटत होतं आपण बऱ्यापैकी अडचण केली. फोटो काढणाऱ्यांना अडचण फारशी वाटलीच नव्हती, उलट छान वाटलं होतं, मागणाऱ्याने धरलं होतं त्याहून जास्त छान. हे तुम्हाला पण माहितीये खरं तर. तुम्हाला कोणी पत्ता विचारला आणि तो तुम्हाला नीट सांगता आला, की तुम्ही पुढची पाच मिनिटं जरा ताठ चालता, खोटं बोलू नका. तोच आनंद दुसऱ्याला द्यायची वेळ आली की मात्र तुम्हाला तो 'त्रास' वाटतो.

घरात तर आपण हे सगळं न बोलता करतच असतो. जिओव्हानी रॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या आठ भाषा बोलणाऱ्या लोकांचं रोजचं जगणं व्हिडिओवर टिपलं, गावातलं, शहरातलं, स्वयंपाक करताना, गप्पा मारताना, आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापले. माणसं सरासरी दर 2 मिनिटं 17 सेकंदांनी एकमेकांकडे काहीतरी बारीकसं मागतात. ते दे, हे धर, जरा सरक. आणि स्पष्ट नकारापेक्षा हो म्हणण्याचं प्रमाण सातपट. त्यात एक फार गोड निरीक्षण आहे, नाही म्हणणारा बहुतेक वेळा कारण सांगतो, हो म्हणणारा काहीच कारण देत नाही, नुसता उठतो आणि देतो. म्हणजे मदत करणं हे स्पष्टीकरण द्यावं असं काही नाहीच आपल्या लेखी, स्पष्टीकरण लागतं ते न करण्याला. घरात हे असं आणि उंबरठा ओलांडून प्रवासाला निघालो की एकदम आपण कोणाकडे काही मागू नये अशी शपथ घेतल्यासारखे वागतो.

आणि मदत करायची सवय शिकवलेली पण नाही बरं का. वॉर्नेकन आणि टोमासेलो या दोघांचा 2006 चा प्रयोग आहे, दीड वर्षांच्या पोरांवरचा. संशोधक दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातातून चिमटा पडतो, तो हात लांब करतो पण पोचत नाही. पोर दुडूदुडू जातं, चिमटा उचलून त्याच्या हातात देतं. कोणी सांगितलेलं नाही, खाऊ दिलेला नाही. 24 पैकी 22 पोरांनी एकदा तरी मदत केली. आणि तोच चिमटा त्याने मुद्दाम फेकला तर पोरं सहसा उचलायला जात नाहीत! म्हणजे अडलंय कोणाचं आणि नखरे कोणाचे हे दीड वर्षाच्या पोराला कळतं. तुम्ही मात्र रॅकखाली उभं राहून, आपल्याला काहीच अडलेलं नाही, असा चेहरा करता, मग समोरच्याला कळायचं कसं?

हां, आता तुमच्यातला कोणीतरी ती जुनी न्यूयॉर्कची गोष्ट काढणार, 1964 ची, एका तरुणीवर रात्री हल्ला झाला आणि 38 जण खिडकीतून बघत राहिले, एकानेही काही केलं नाही. ही गोष्ट अर्ध्या जगाने पाठ केलीये. पण त्या वेळची बातमी बरीच फुगवलेली होती, इतक्या लोकांनी सगळं पाहिलं होतं असं नव्हतंच, काहींना नुसता आवाज आला होता, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन शेवटी तिच्याजवळ होती. ज्या पेपरने ती छापली त्यानेच पुढे 2016 मध्ये त्या बातमीत चुका होत्या हे मान्य केलं. पण गोष्ट चिकटली ती चिकटली. लोक वाईट आहेत हे ऐकायला आपल्याला का कोण जाणे फार आवडतं.

त्याउलट जे खरोखर कॅमेऱ्यात दिसलं ते कोणी पाठ करत नाही. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या भांडणांची 219 सीसीटीव्ही फुटेज फिलपॉट आणि मंडळींनी तपासली. दहातल्या नऊ वेळा आजूबाजूच्या निदान एका माणसाने तरी मधे पडून काहीतरी केलं होतं, आणि जितके लोक जास्त तितकी कोणीतरी मधे पडायची शक्यता जास्त. भांडणात! तुमची तर नुसती सुटकेस आहे.

पाकिटांचा प्रयोग पण असाच. 40 देशांत, 355 शहरांत मिळून 17 हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं हॉटेलं, बँका, थिएटर अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन दिली, की हे सापडलं, तुम्हीच बघा आता. आत मालकाचा ईमेल. 2019 मध्ये निकाल आला. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल 40 टक्के लोकांनी मालकाला कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल 51 टक्के. पैसे होते तर जास्त जणांनी कळवलं! तज्ज्ञांना आधी विचारलं होतं तेव्हा त्यांनी पण उलटंच सांगितलं होतं. अर्थात उरलेल्या निम्म्यांनी कळवलं नाही हे पण आहेच, मी काही जग देवमाणसांनी भरलंय असं म्हणत नाहीये.

कारण लोक मदत न करता जातात, रोज जातात. पण का जातात ते बघितलं तर तुमच्याच कामाची गोष्ट हाती लागते. प्रिन्स्टनमध्ये 1973 मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारात एक माणूस वाकून खोकत, कण्हत बसवलेला. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं भरपूर वेळ आहे, त्यातले 63 टक्के थांबले. काहींना जेमतेम वेळ, 45 टक्के. काहींना तुला उशीर झालाय लवकर पळ, त्यातले फक्त 10 टक्के. आणि गंमत अशी की यातले काही जण ज्या विषयावर बोलायला चालले होते तो विषयच वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याच्या बोधकथेचा होता, त्याने पण फारसा फरक पडला नाही. माणूस चांगला की वाईट यापेक्षा त्याच्या घड्याळात किती वाजलेत याने जास्त फरक पडला.

म्हणून, नको-नको मंडळी, मागायचंच ठरवलंत तर (ठरवाच) पळत्या माणसाला विचारू नका. ज्याच्या एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात पोर आणि तोंडात पाण्याच्या बाटलीचं झाकण आहे, त्याने नाही म्हटलं तर ते तुम्हाला नाही म्हटलेलं नसतं. बाकावर बसलेला, खांबाला टेकलेला, उगाच बोर्ड वाचत उभा असलेला माणूस शोधा. असे लोक कुठल्याही स्टेशनवर, कुठल्याही विमानतळावर ढिगाने असतात, वाट बघणं याशिवाय प्रवासात दुसरं असतं काय.

दुसरं म्हणजे हवेत बोलू नका. 'कोणीतरी जरा मदत करा हो' हे वाक्य सगळ्यांना ऐकू येतं आणि कोणालाच लागू होत नाही. 1968 चा लाताने आणि डार्ली यांचा गाजलेला प्रयोग हाच, इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फिट आल्याचा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटलं की आपण एकटेच ऐकतोय, तर 85 टक्के जण फिट संपायच्या आत मदतीला निघाले. आपल्यासोबत अजून चार जण ऐकतायत असं वाटलं, तर 31 टक्के. तिथे कोणी एकमेकांना बघू शकत नव्हतं, दुसरा गेला असेल असं प्रत्येकाने धरलं. म्हणून बोट दाखवून बोला. "निळा शर्ट, दादा, हो तुम्हीच, जरा या बाजूने धरता?" निळ्या शर्टवाल्याला आता पळायला जागा नाही, आणि नव्वद टक्के वेळा त्याला पळायचं पण नसतं (हा आकडा माझा, अंदाजे, कोणी संशोधनात शोधू नका).

कारण पण सांगा, एका ओळीचं. एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये झेरॉक्सच्या रांगेत हे करून बघितलं, पाच पानं आहेत, मी आधी काढू का? एवढंच विचारलं तर 60 टक्के लोकांनी जाऊ दिलं, घाईत आहे म्हणून सांगितलं तर 94. आणि खरी धमाल, 'कारण मला झेरॉक्स काढायच्या आहेत' असलं काहीतरी बिनकामाचं कारण दिलं तरी 93! पण थांबा, लगेच फॉर्म्युला समजू नका. पानं वीस झाल्यावर ते बिनकामाचं कारण अजिबात चाललं नाही, 24 वर आलं, तिथे खऱ्या कारणानेच थोडा फरक पडला. लहान काम असेल तर नुसतं नीट विचारणं पुरतं, मोठं मागायचं असेल तर खरं बोला. यात न कळण्यासारखं काही नाही तरी आपण नेमकं उलटं करतो, लहान कामासाठी तीन मिनिटं प्रस्तावना आणि मोठं काम हळूच खिशात सरकवल्यासारखं.

आता तुमची एक शंका मला मनापासून पटते, ती म्हणजे भीती. सगळेच भले नसतात, आणि बाईमाणूस एकटी, रात्रीची वेळ, अनोळखी जागा असेल तर 'मागा बिनधास्त' असं मी कोणत्या तोंडाने सांगणार. फक्त एवढं लक्षात घ्या की तुम्ही गर्दीतून स्वतः निवडलेला माणूस हा स्वतःहून लगट करत आलेल्या माणसापेक्षा जास्त भरवशाचा असतो, साधं गणित आहे, वाईट हेतूने फिरणारे थोडेच असतात पण ते स्वतःहून येतात. म्हणून निवड तुमच्याकडे ठेवा, पोरंबाळं घेऊन बसलेलं कुटुंब, काउंटरवरचा माणूस, युनिफॉर्ममधली बाई. बोलणं उजेडात आणि चार लोकांत. अनोळखी माणसाला फोन द्यायची वेळ आली तर नंबर आपण लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि फोन आपल्याच हातात ठेवायचा. आणि विमानतळावर किंवा सीमेवर कोणाचीही बॅग, एवढी पलीकडे नेता का, म्हटलं तरी घ्यायची नाही, ती मदत नाही, ते संकट आहे. तिथे तुमचं आवडतं 'नको नको' खुशाल वापरा.

काही जणांना तर तोंड उघडून मागणंच शक्य नसतं, किंवा बाहेरून काही दिसत नाही म्हणून मागितलं तर लोक संशयाने बघतात, तरुण आहे की धडधाकट, सीट कशाला हवी. त्यांच्यासाठी जगात काही फार हुशार गोष्टी झाल्यात. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये सूर्यफुलांचं चित्र असलेला हिरवा पट्टा सुरू झाला, गळ्यात घातला की स्टाफला कळतं या माणसाला न दिसणारी काहीतरी अडचण आहे, जरा वेळ द्या, नीट समजावून सांगा. टोकियोने त्याआधीच, 2012 मध्ये, बॅगेला अडकवायचा लाल टॅग काढला होता, त्यावर पांढरी अधिकची खूण आणि खाली बदाम. लंडनच्या मेट्रोत 2017 पासून 'मला सीट द्याल का' अशा अर्थाचा बिल्ला मिळतो. काय आजार आहे, कुठे दुखतंय, काही सांगायची गरज नाही. मागायचं काम तो बिल्ला करतो.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे 'बी माय आईज' हे अ‍ॅप. हान्स योर्गन वीबर्ग या डॅनिश माणसाची कल्पना, ज्याला स्वतःला नीट दिसत नाही, अ‍ॅप आलं 2015 मध्ये. दिसत नसलेला माणूस व्हिडिओ कॉल लावतो, जगात कुठेतरी बसलेला स्वयंसेवक उचलतो आणि सांगतो की या डब्यावर अमुक लिहिलंय, ती एक्स्पायरी डेट गेलीये, तो शर्ट निळाच आहे. यात गोची काय झाली माहितीये? मदत करायला तयार असलेले लोक मागणाऱ्यांच्या कितीतरी पट जास्त झाले. नाव नोंदवून महिनोन्‌महिने फोन वाजायची वाट बघणारे लोक आहेत तिथे, कॉल आला की एवढे खूश होतात. रांग लागलीये, पण मदत करणाऱ्यांची. तुटवड्याबद्दल म्हणत होतो ते हेच.

आता जरा आमच्या बाजूचं पण बोलतो, म्हणजे मदत करायला टपलेल्यांचं, कारण तुमचं 'नको' कधी कधी आमच्यामुळेच येतं. आम्ही विचारायच्या आधी हात घालतो. पांढरी काठी घेतलेल्या माणसाला दंडाला धरून रस्त्यापार ओढून नेणारे महाभाग मी पाहिलेत, त्याला पलीकडे जायचंच नसतं कदाचित. आधी बोलायचं, हवं असेल तर आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील, पायरी आली की वर आहे का खाली हे सांगायचं, बस. व्हीलचेअर न विचारता ढकलायची नाही, ती खुर्ची त्या माणसाच्या अंगाचा भाग असल्यासारखी असते, तुम्हाला कोणी मागून ढकलत नेलं तर कसं वाटेल? पत्ता माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. आपल्यातल्या काही लोकांना 'माहीत नाही' म्हणणं इतकं कमीपणाचं वाटतं की ते अंदाजाने उजवीकडे पाठवून देतात, आणि तो बिचारा विश्वासाने दोन किलोमीटर चालत जातो. आणि मदत केल्यावर भाषण नको. 'एवढं सामान आणायचंच कशाला' हे वाक्य सामान उचलून झाल्यावर बोलणाऱ्याची मदत पुढच्या वेळी कोण घेईल? व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही, शब्द वाईट निघतील.

आणि तुमचं खरं 'नको' आम्हाला कळलं पाहिजे. काही जणांना स्वतः करायचं असतं, वेळ लागला तरी, पडझड झाली तरी, त्यात त्यांचा आब असतो. तिथे गप बाजूला उभं राहायचं. मी भांडतोय ते दुसऱ्या 'नको'शी, जे सवयीने येतं आणि ज्याच्या मागून लगेच 'आई गं' येतं.

राहिलं उपकार फेडायचं. मला यातलं ओझं कधी कळलंच नाही. जिच्याकडून बॅगेची खालची बाजू धरून घेतली ती मुलगी पुन्हा भेटणार नाही, भेटली तरी ओळखणार नाही, फेडणार कोणाला? आणि फेडायची अपेक्षा तरी कोणी ठेवलीये? रोजच्या मागण्यांच्या अशाच अभ्यासात (सिमियन फ्लॉइड आणि मंडळी, 2018) असं दिसलं की मागितलेली गोष्ट मिळाल्यावर लोक आभार मानतात ते साधारण वीसातून एकदा. अनोळखी लोकांत जरा जास्त बोलावं, मान्य, पण ते 'फार फार उपकार झाले, तुमचं नाव काय, चहा तरी घ्या, निदान हे शंभर तरी ठेवा' हे नको हो. पैसे पुढे केले की समोरचा खट्टू होतो, आत्तापर्यंत तुमच्यासारखाच प्रवासी असलेला तो एका क्षणात हमाल होऊन जातो.

उलट मागण्याने नातं जुळतं असा जुना अनुभव आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लिहून ठेवलंय, सभागृहात एक सदस्य त्याला पाण्यात बघायचा. फ्रँकलिनने त्याच्या मागे मागे करण्याऐवजी त्याच्याकडे एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागितलं. त्याने लगेच पाठवलं, याने आठवडाभरात परत केलं, सोबत आभाराची चिठ्ठी. पुढच्या बैठकीत तो माणूस स्वतःहून बोलायला आला आणि मरेपर्यंत मित्र राहिला. आता तुम्ही म्हणाल आम्हाला कुठे सभागृहात निवडून यायचंय. नसेल यायचं, पण सहा तास शेजारी बसणाऱ्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची हा प्रश्न तुम्हाला पण पडतोच ना, तर पेन मागा. चार्जर मागा. खिडकी उघडत नाहीये, जरा बघता का, म्हणा. खिडकी नाही उघडली तरी दोघं मिळून तिला नावं ठेवाल, प्रवास चालू.

तर एवढं करा. पुढच्या वेळी कोणी विचारलं, धरू का, तर तोंडातून 'नको' निघेलच, सवय आहे, ते एका दिवसात जायचं नाही. ते निघू द्या, आणि त्याच्याच पुढे, एक सेकंद थांबून, 'बरं, धरा खालच्या बाजूने' एवढं जोडा. आम्ही थांबलेलो असतो तेवढा वेळ.

तुमचाच,
वरच्या रॅकपर्यंत हात पोचणारा एक सहप्रवासी

ता. क. मला चष्म्याशिवाय लांबचं अक्षर वाचता येत नाही आणि चष्मा नेहमी बॅगेच्या तळाशी असतो, त्यामुळे बोर्डावर कुठला प्लॅटफॉर्म लिहिलाय हे मी तुम्हालाच विचारणार आहे. माहीत नसेल तर सरळ तसं सांगा, अंदाजाने पाठवू नका.